हीटरच्या नावाखाली गेलेले ६६,४०० रुपये

मुंबईत राहून मोटारीला हीटर बसवला, असे सांगितले की ऐकणारा आधी हसतो आणि मग किती पैसे गेले ते विचारतो. आकडा सांगून टाकतो. गॅरेजने घेतले ४८,४५० रुपये आणि त्याने केलेली घाण निस्तरायला आणखी १७,९५० रुपये लागले.

हसणाऱ्यांसाठी एवढेच सांगतो, की ही केवळ हौस नव्हती. गाडी वडिलांची, १९५७ सालची मॉरिस मायनर. त्या काळी हीटर जादा पैसे मोजून घ्यावा लागे आणि आमच्या गाडीत तो कधीच नव्हता. जुलैच्या पावसात काचा वर केल्या की समोरच्या काचेवर आतून वाफ धरते, एका हाताने फडके फिरवत दुसऱ्या हाताने सायनचा पूल पार करावा लागतो. ती वाफ घालवायला काचेवर गरम हवा हवी. शिवाय डिसेंबरात महाबळेश्वरला जायचे ठरले होते. ऑपेरा हाऊसची दुकाने आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड पालथा घालूनही स्मिथ्स कंपनीचा जुना हीटर मिळाला नाही, तेव्हा ओळखीच्या एका गृहस्थांनी उपनगरातल्या या गॅरेजचे नाव सुचवले. माणूस गोड बोलणारा, जुन्या गाड्यांची खडान्‌खडा माहिती असलेला. अशा माणसावर विश्वास ठेवणे हा मूर्खपणा असेल, तर तो मी केला.

हिशोब असा होता : ‘विलायतेहून आलेला’ हीटर २८,५०० रुपये, त्याची ‘कस्टम ड्यूटी’ ६,२००, होज पाइप आणि सीलिंगचे रबर ४,७५०, मजुरी ९,०००. त्यातले २०,००० रुपये यूपीआयने आगाऊ दिले, उरलेले २८,४५० रोख. जीएसटी क्रमांक असलेले बिल मागितल्यावर ‘काका, बिल केले की अठरा टक्के वाढतील’ असे उत्तर आले आणि मी गप्प बसलो. कस्टमची पावतीही मागितली नाही. रोख देऊ नका, एवढे तरी माझ्याकडून शिका.

आता तो क्षण, जो आठवला की आजही स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते. गाडी ताब्यात घेताना इंजिन पंधरा मिनिटे चालू होते. पंखा लावला तर पायाशी कोमट हवा आली आणि मी खूश झालो. सहज म्हणून बॉनेट उघडून हीटरकडे जाणाऱ्या पाइपवर हात ठेवला. तो थंडगार होता. रेडिएटरला हात लावता येत नव्हता आणि इंजिनाच्या हेडमधून उकळते पाणी घेऊन जाणारा पाइप मात्र थंड! मिस्त्री म्हणाला, ‘काका, एअरलॉक आहे, दोन दिवस चालवा, आपोआप निघेल.’ पाइपात हवा अडकून पाणी थांबते, असा एअरलॉक खरोखर होतो, हे मला माहीत होते, म्हणूनच मी फसलो. पाण्यावाचून आत कोमट हवा कुठून येते, हा प्रश्न मला पडायला हवा होता. त्या हवेला पेट्रोलचा वास होता, तोही मी जुन्या गाडीचा म्हणून सोडून दिला.

पसरणीच्या घाटात हीटरचा पाइप पाण्याच्या कॉकपाशी फाटला, पाणी सांडले आणि गाडी थांबवेपर्यंत इंजिन तापून हेडखालचे गॅस्केट गेले होते. वाईच्या आधीपासून पत्नीचे डोके दुखत होते, ते का, हे नंतर कळले. हेड फेसिंग, गॅस्केट आणि मजुरी मिळून १७,६०० रुपये झाले. हीटर मुंबईतल्या रेडिएटरवाल्याकडून ३५० रुपयांत उघडून घेतला. कोअरच्या, म्हणजे ज्यातून गरम पाणी फिरते त्या जाळीच्या, निम्म्या नळ्या डाख देऊन बंद केलेल्या, सांध्यांवर एम-सील आणि वरून ताजा काळा रंग. पाणी गळून बिंग फुटू नये म्हणून आत जाणाऱ्या पाइपात चक्क एक बोल्ट ठोकलेला होता. पाइपही गरम पाण्याचा नव्हता, साधा होता. ४,७५० रुपयांच्या सीलिंगचे म्हणाल, तर फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याला, पाडलेल्या भोकांत एकही ग्रोमेट, म्हणजे रबरी कडे, नव्हते, फक्त केबिनच्या बाजूने दिसेल तेवढी पुट्टी होती. ज्या कोमट हवेवर मी भाळलो, ती याच भोकांतून येणारी इंजिनाची हवा होती आणि पत्नीचे डोकेही तिनेच दुखले होते. पेट्रोलला निदान वास असतो. धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला तोही नसतो.

कोअर बसवण्याआधी तुमच्या डोळ्यांदेखत पाण्यात बुडवून हवेच्या दाबाने तपासायला लावा. रात्री इंजिनाकडे दिवा लावून अंधाऱ्या केबिनमध्ये बसा. उजेडाची तिरीप दिसली, तर सील झालेले नाही. आणि इंजिन तापल्यावर दोन्ही पाइपांना हात लावा, दोन्ही गरमच हवेत.

पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी ‘साहेब बंदोबस्तावर आहेत’, दुसऱ्या दिवशी ‘गॅरेज आमच्या हद्दीत नाही’. हद्द नसली तरी शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो, हे मी कायदा पुढे करून सांगितले, तेव्हा ‘हा दिवाणी मामला आहे, कोर्टात जा’ असे ऐकवण्यात आले. फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ आहे ते शोभेला ठेवले आहे काय? सायबर कक्षाने पैसे तुम्ही स्वतःहून पाठवलेत म्हणून हात वर केले, परिवहन कार्यालयाने गॅरेज आमच्या अखत्यारीत नाही म्हटले, आणि विमा कंपनीच्या माणसाने तर मुंबईत हीटर कशाला, असे विचारून माझी उरलीसुरली अब्रूही काढली. सहा खेपा, चार अर्ज, आणि पोच मिळाली ती एकाच अर्जाची.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार लिहिली. तिथे आपण राहतो त्या जिल्ह्यात दाद मागता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. हे मला चारपैकी एकाही कार्यालयाने सांगितले नाही. बिल नसल्याने यूपीआयची नोंद, मिस्त्रीचे व्हॉट्सॲपवरचे हिशोब आणि रेडिएटरवाल्याने लिहून दिलेला कागद एवढाच पुरावा आहे. रोखीने दिलेले २८,४५० मी कसे सिद्ध करणार, ते वकिलालाही सांगता येत नाही. तो बोल्ट मात्र पाकिटात घालून, वर तारीख लिहून फाइलीला जोडला आहे.