जुन्या गाडीचा मूळ रंग बफिंगवाल्याच्या ताब्यात देण्याआधी हे वाचा

नाशिकमध्ये ज्यांच्या दारात जुनी फियाट, ॲम्बेसेडर किंवा जीप उभी आहे आणि तिच्यावर कारखान्यातला रंग अजून शाबूत आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. आमच्या बाबांची १९७१ची फियाट ११०० आहे, कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये तयार झालेली. रंग फिकट निळा. इतक्या वर्षांत तिला कधी पेंटरचा हात लागला नव्हता. उन्हाने टप आणि बॉनेट पांढरट पडले होते, हात फिरवला की बोटांना खडूसारखी पावडर लागायची. चकाकी परत आणावी आणि वॅक्स करून घ्यावं, एवढंच काम होतं.

शहरातल्या एका डिटेलिंगवाल्याकडे, म्हणजे गाडी घासून-पॉलिश करून चमकवून देणाऱ्याकडे, गाडी नेली. त्याने दारावर जरासं पॉलिश घासलं आणि निळं झालेलं पांढरं फडकं बाबांपुढे धरलं. "बघा काका, क्लिअर कोट गेलाय, रंग उघडा पडलाय. आता सिरॅमिक कोटिंग केल्याशिवाय हा टिकायचा नाही." (सिरॅमिक कोटिंग म्हणजे रंगावर बसवायचा कडक, टिकाऊ रासायनिक थर.)

ही पहिली थाप. त्या काळातल्या आपल्या गाड्यांवर क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, नसायचाच. प्रायमर आणि त्यावर रंग, संपलं. चकाकी त्या रंगाचीच. त्यामुळे घासलं की फडक्यावर रंग येणारच, तो उन्हाने मेलेला वरचा थर असतो. हल्लीच्या गाडीच्या फडक्यावर रंग दिसला तर काळजी करावी, कारण तिथे रंगावर हा थर असतो. हा फरक त्या माणसाला माहीत नसेल, असं मला वाटत नाही.

दुसरी थाप जास्त सफाईदार होती. २०२१च्या केंद्राच्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी करता येते आणि नंबरात 'व्हीए' अक्षरं मिळतात. "त्यासाठी गाडी शोरूमसारखी चकचकीत लागते," असं त्याने सांगितलं. नियमाची अट आहे ती गाडी मूळ स्वरूपात असण्याची, म्हणजे चासी, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरफार झालेले नसावेत. चकाकीचा त्यात संबंधच नाही. पण बाबांच्या मनात व्हीए नंबर घ्यायचं होतं, ते त्याने बोलण्यातून काढून घेतलं आणि त्याच दोरीला धरून पॅकेज वाढवलं.

काम हाताने करणार, मशीन लावणार नाही, कार्नोबा वॅक्स (झाडापासून मिळणारं मेण) वापरणार, असं तोंडी ठरलं. गाडी परत आली तेव्हा आरशासारखी चमकत होती. बाबा हरखले. मलाही आनंद झाला. पुढे पावसाळ्यात दोनदा शाम्पूने धुतली आणि चमक उतरली. बॉनेटवर गोल गोल ओरखड्यांची जाळी दिसायला लागली, उन्हात तर डोळ्यांत भरायची. म्हणजे ओरखडे काढले नव्हतेच, ग्लेझ नावाच्या तेलकट लेपाने भरून झाकले होते. ग्लेझ धुऊन गेलं आणि खालचं उघडं पडलं. सिरॅमिक कोटिंग खरोखर केलं असतं, तर ते दोन शाम्पूंत गेलं नसतं.

खरा धक्का मागच्या मडगार्डांच्या शेपट्यांवर बसला. या गाडीला मागे ज्या धारदार कडा आहेत, तिथे एका बाजूला लालसर प्रायमर डोकावत होता. दुसऱ्या बाजूचा निळा मात्र थोडा गडद वाटत होता. सातपूरच्या एका जुन्या पेंटरकाकांना दाखवली. त्यांनी मागच्या काचेच्या रबराची कड नखाने हलकेच उचलली. रबराखाली निळ्या फवाऱ्याची बारीक रेघ होती, आणि रेघेच्या पलीकडे पूर्वीचा मूळ निळा. दोन्ही शेजारी शेजारी पाहिले तेव्हा फसवणूक किती पद्धतशीर होती ते कळलं. वूल पॅड (लोकरीची घासणी) लावून मशीन फिरवलं, कडेचा रंग जाळला, मग एका बाजूला गुपचूप टच-अप मारला आणि दुसरी ग्लेझखाली दडवली.

पेंटरकाकांनी गेज, म्हणजे रंगाची जाडी मोजायचं यंत्र, लावलं. टपावर ९५ मायक्रॉन, बॉनेटच्या मधल्या उंचवट्यावर ५० च्या आत, आणि त्या टच-अपवर २०० च्या वर. साधा झेरॉक्सचा कागद साधारण १०० मायक्रॉन जाडीचा असतो. प्रायमरसकट सगळा रंग मिळून एवढाच, आणि त्यातला निम्मा बॉनेटवरून एका दुपारी उडवला. पुन्हा रंग मारता येईल, मूळ रंग मात्र परत येत नाही. या गोष्टीचं मला आजही फार वाईट वाटतं.

असा पांढरट रंग जिवंत करायची रीत पेंटरकाकांनी टपावर करून दाखवली. गाडी सावलीत, पत्रा गार. आधी धूळ नीट धुऊन काढायची, आपल्याकडची उन्हाळ्यातली धूळ तशीच घासली तर तिचाच पॉलिशपेपर होतो. मग सिलिकॉन नसलेलं तेलकट पॉलिश सुती फडक्याने जाडसर लावायचं आणि रात्रभर मुरू द्यायचं. सकाळी हाताने पुसायचं, हलक्या पॉलिशचा एक हात, शेवटी वॅक्स. कडा आणि उंचवट्यांवर जवळजवळ काहीच घासायचं नाही. टप त्याच निळ्यात उजळला, बाबांनी घेतली तेव्हाचा निळा. वॅक्स फक्त संरक्षण देतं. रंग खातं ते कंपाउंड (खरखरीत घासायची पेस्ट) आणि मशीन, म्हणून दुकानात वॅक्सच्या ब्रँडपेक्षा कंपाउंड कोणतं आणि हात कोणाचा, हे विचारा.

गाडी देण्याआधी प्रत्येक पॅनेलवर गेज लावून आकडे दिसतील असे फोटो काढा, दुकानदारासमोर. डिकीच्या आत एका कोपऱ्यात हातभर जागेवर नमुना करून मागा आणि तो शाम्पूने धुऊनच पाहा. "मशीन नाही, टच-अप नाही, विचारल्याशिवाय कोटिंग नाही" हे बिलावर लिहून घ्या. आमच्या बिलावर फक्त "प्रीमियम पॅकेज" एवढंच छापलेलं आहे, आणि आता दुकानदार त्याच शब्दांचा आधार घेतोय. टच-अप आपण केलाच नाही म्हणतो, "आधीचाच असेल काका."

रबराखालचे फोटो, गेजचे आकडे आणि पेंटरकाकांचं लेखी म्हणणं जोडून आम्ही त्याला नोटीस पाठवली आहे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवली. निम्मे पैसे परत देतो, प्रकरण मिटवा, असा निरोप आला होता, बाबांनी नाही म्हटलं. आता जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहोत. घटनेपासून दोन वर्षांपर्यंत तिथे तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी लागत नाही. याच पद्धतीने आणखी कोणाची गाडी बिघडवली गेली असेल, तर तिचं बिल आणि फोटो जपून ठेवा आणि मला कळवा, तक्रारी एकत्र मांडता येतील.