फोटोशॉपच्या क्लासला पैसे भरण्याआधी हे वाचा

लग्नसराई जवळ आली की ‘फोटोशॉप शिका, घरबसल्या कमवा’ अशा जाहिराती मोबाइलवर यायला लागतात. अशाच एका जाहिरातीतल्या क्लासमध्ये माझे ४२ हजार रुपये अडकले आहेत. क्लासचं शटर कधीच खाली आलं, हप्ते मात्र माझ्या खात्यातून जातच आहेत. प्रकरण ग्राहक आयोगापुढे असल्यामुळे मी क्लासचं नाव घेत नाही. पण त्यांनी काय काय केलं ते सगळं सांगते. पाटी बदलून हाच प्रकार दुसऱ्या गावात चालू होऊ शकतो आणि त्यात बहुतेक माझ्यासारख्या घर सांभाळून काही शिकू पाहणाऱ्या बायका आणि बारावी झालेली पोरं सापडतात.

आम्ही कराडजवळ राहतो. माझे धाकटे दीर लग्नाचे फोटो काढतात. फोटो ते काढायचे, पण अल्बमचं काम बाहेर द्यायचे. बारा बाय छत्तीस इंचाच्या एकेका शीटमागे पैसे मोजायचे आणि सीझनमध्ये डिझायनरच्या मागे लागायचं. ते म्हणाले, “वहिनी, तुमचा हात चांगला आहे, तुम्ही शिका. घरातलं काम घरात राहील.” म्हणून मी साताऱ्याच्या त्या क्लासमध्ये चौकशीला गेले.

काउंटरवरच्या मॅडमनी आधी भिंतीवरचे फोटो दाखवले. डावीकडे मुरुमांनी भरलेला चेहरा, उजवीकडे तोच चेहरा नितळ. “ताई, हे आमच्या मागच्या बॅचच्या मुलीने केलंय.” ते फोटो आजही माझ्या मोबाइलमध्ये आहेत. आता थोडंफार काम येत असल्यामुळे ते मोठे करून पाहिले, तेव्हा सगळं उघड झालं. डावीकडच्या चेहऱ्यावर मुरुम आहेत, पण दोन मुरुमांच्या मधली त्वचा मेणासारखी गुळगुळीत आहे. छिद्रं नाहीत, लव नाही, घामाची चमकही नाही. मुरुम असलेली खरी त्वचा अशी कधीच दिसत नाही. म्हणजे मूळ फोटो उजवीकडचा होता. त्यावर डाग चिकटवून आणि उजेड कमी करून त्यांनी ‘आधीचा’ फोटो बनवला होता. गूगल लेन्सवर टाकल्यावर तोच चेहरा परदेशी साइटवर विकायला ठेवलेल्या फोटोंमध्ये सापडला. मागच्या बॅचच्या मुलीचा त्यात काही संबंधच नव्हता. कुठल्याही क्लासचे असे ‘आधी-नंतर’चे नमुने दिसले तर मोठे करून बघा आणि लेन्सवर टाका. त्याला पैसे पडत नाहीत.

फी एकदम भरणं शक्य नव्हतं. मॅडम म्हणाल्या, “हप्त्यांची सोय आहे, व्याज नाही.” त्यांनी टॅबवर माझा आधार नंबर घेतला, फोटो काढला, बँक पासबुकाचं पान स्कॅन केलं. ओटीपी आला तेव्हा म्हणाल्या, “हे फक्त व्हेरिफिकेशन आहे.” कर्ज हा शब्द कुणी तोंडातून काढला नाही. प्रत्यक्षात माझ्या नावावर एका वित्त कंपनीचं कर्ज निघालं. ४२ हजारांची पूर्ण रक्कम थेट क्लासच्या खात्यात गेली आणि माझ्या खात्यातून महिन्याला ३,५०० रुपये कापायची परवानगी नोंदवली गेली. क्लासला सगळे पैसे पहिल्याच दिवशी मिळाले, मग आम्हाला शिकवण्याची गरज त्यांना उरलीच कुठे?

रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये डिजिटल कर्जांसाठी नियम केले. त्यांत एक फार उपयोगाची तरतूद आहे. कर्ज घेतल्यावर ठरावीक मुदतीत ते परत करून बाहेर पडता येतं. मुद्दल आणि वापरलेल्या दिवसांपुरतं व्याज द्यायचं, दंड लागत नाही. ही मुदत किती आहे आणि कर्जाचा एकूण खर्च किती आहे, हे एका छोट्या तक्त्यात लिहून देणं कंपनीवर बंधनकारक आहे. मला तो तक्ता इंग्रजीत, ईमेलवर आला होता, आणि तो ईमेल पत्ता मॅडमनी स्वतःच उघडून दिलेला होता. म्हणून हात जोडून सांगते, क्लासच्या माणसाच्या टॅबवर आधार आणि ओटीपी देऊ नका. हप्ते हवे असतील तर क्लासला पुढच्या तारखांचे चेक द्या किंवा महिन्याच्या महिन्याला भरा. ज्याला शिकवायचं आहे तो महिन्याची फी नाकारणार नाही.

मग आलं सॉफ्टवेअर. “ओरिजिनल फोटोशॉप, लाइफटाइम लायसन्स, फीमध्येच,” असं पावतीवर लिहिलं होतं. हातात पडला तो पेन ड्राइव्ह. इन्स्टॉल करताना अँटिव्हायरस बंद करायला सांगितलं, इंटरनेटची वायर काढायला सांगितली. फोटोशॉप बनवणाऱ्या ॲडोबी कंपनीने २०१३ मध्येच जाहीर केलं की यापुढे फोटोशॉप वर्गणी भरूनच मिळेल. एकदा पैसे भरून कायमचं घ्यायची शेवटची आवृत्ती सीएस६, ती २०१२ ची. म्हणजे आजच्या फोटोशॉपचं ‘लाइफटाइम लायसन्स’ कुणीही विकत असेल तर तो खोटं बोलतो आहे, यात दुसरी शक्यताच नाही. ही एक गोष्ट मला आधी कुणी सांगितली असती तर मी काउंटरवरूनच परत फिरले असते.

तो पेन ड्राइव्ह भाऊजींच्या स्टुडिओच्या कॉम्प्युटरलाही लागला. काही दिवसांतच स्टुडिओच्या ईमेलला अनोळखी ठिकाणांहून लॉगिन व्हायला लागलं आणि इन्स्टाग्राम पेज हातातून गेलं. कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याने सांगितलं की क्रॅकबरोबर, म्हणजे कुलूप तोडून फुकट चालवलेल्या सॉफ्टवेअरबरोबर, आलेल्या प्रोग्रॅमने ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड उचलले. अँटिव्हायरस बंद करायला का लावतात, ते तेव्हा समजलं. नवीन पेज काढून पुन्हा पहिल्यापासून माणसं जोडावी लागली.

आणि शिकवणं? त्याबद्दल मला सगळ्यात जास्त राग आहे. सर यायचे, तयार ॲक्शन (आधीच नोंदवून ठेवलेल्या कामांची साखळी) लोड करायचे, एक बटण दाबायचे आणि चेहरा गुळगुळीत व्हायचा. “बघा, एका सेकंदात रिटच!” लेयर (फोटोवर एकावर एक ठेवलेले थर) म्हणजे काय, मास्क (थराचा हवा तेवढाच भाग दाखवणारं आवरण) कशासाठी, हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख) कसा वाचायचा, यातलं काहीच नाही. विचारलं की उत्तर ठरलेलं, “ते ॲडव्हान्स कोर्समध्ये.” ॲडव्हान्सची फी वेगळी.

त्याचा फटका एका लग्नाच्या अल्बमला बसला. नवरीची आजी, नव्वदीच्या घरातली, नऊवारी नेसलेली. कपाळावर आणि हनुवटीवर हिरवं गोंदण. सरांनी दिलेली ॲक्शन त्या फोटोवर चालवली, तर गोंदण डाग समजून पुसलं गेलं, सुरकुत्या गेल्या, नथीचे मोती गालात विरघळल्यासारखे झाले. अल्बम पाहून नवरीची आई रडायलाच लागली. म्हणाली, “माझ्या आईच्या कपाळावरचं गोंदण कुठं गेलं?” क्लासमध्ये शिकवल्याप्रमाणे काम थेट जेपेगवर, म्हणजे थर न राहणाऱ्या साध्या फोटो-फाइलवर, करून त्याच नावाने सेव्ह झालेलं, त्यामुळे मागे जायला रस्ताच नव्हता. भाऊजी कॅमेऱ्याच्या कार्डाची मूळ प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवतात म्हणून निभावलं. शीट पुन्हा छापून दिलं.

खरं शिकवणारा पहिल्याच दिवशी सांगतो की मूळ लेयरला हात लावायचा नाही. त्याची प्रत काढायची किंवा वर कोरा लेयर घ्यायचा आणि हीलिंग ब्रश (आजूबाजूच्या त्वचेचा नमुना घेऊन डाग झाकणारा ब्रश) त्या कोऱ्या लेयरवर चालवायचा. खालचा लेयरही धरायचा पर्याय निवडला की ब्रश खालच्या फोटोतून नमुना घेतो आणि दुरुस्ती वरच्या लेयरवर बसते. काही बिघडलं तर तेवढाच लेयर पुसायचा. हीलिंग ब्रश २००२ च्या फोटोशॉप ७ मध्ये आला आणि आपल्याकडच्या कितीतरी जुन्या स्टुडिओंत आजही तीच आवृत्ती चालते. म्हणजे लेयरची प्रत काढून चांगलं काम करायला नवी महागडी आवृत्ती लागते, हेही खरं नाही. फ्लॅशने चमकलेलं कपाळ, हळदीने पिवळी पडलेली मान, डोळ्यांखालची सावली, या तिन्हींची कामं वेगळी आहेत. चमक उतरवायला हलका ब्रश आणि कमी ओपॅसिटी (म्हणजे रंग फिका, अर्धपारदर्शक), पिवळेपणाला कर्व्ह्ज (रंग आणि उजेड कमीजास्त करणारी रेषा) आणि मास्क, सावलीला डॉज-बर्न (हवा तेवढा भाग उजळ किंवा गडद करणं). गोंदण, तीळ, जन्मखूण, जखमेचा व्रण यांना माणसाला विचारल्याशिवाय हात लावायचा नसतो. मुरुम आठवड्यात जातो, तो काढला तर चालतं. गोंदण त्या बाईची ओळख आहे.

म्हणून कुठल्याही क्लासमध्ये पैसे भरण्याआधी स्वतःच्या घरातला एक अवघड फोटो घेऊन जा. म्हाताऱ्या माणसाचा, दागिने असलेला, उजेड बिघडलेला. सरांना म्हणा, समोर बसून हा दुरुस्त करून दाखवा. नंतर लेयरच्या यादीतलं डोळ्याचं एकेक चिन्ह बंद-चालू करायला सांगा. प्रत्येक लेयरने काय केलं ते त्यांना सांगता यायला हवं. एकाच बटणावर काम उरकलं, किंवा “डेमो ॲडमिशननंतर” असं ऐकायला मिळालं, तर उठून या.

सर्टिफिकेटवर ‘ॲडोबी सर्टिफाइड’ छापलं होतं. ॲडोबीची खरी परीक्षा असते, तिचं नाव ॲडोबी सर्टिफाइड प्रोफेशनल, ती सर्टिपोर्ट या परीक्षा घेणाऱ्या कंपनीमार्फत होते आणि पास झालेल्याचं प्रमाणपत्र ऑनलाइन पडताळून बघता येतं. आमच्या कागदावर पडताळायला काहीच नव्हतं, नुसता रंगीत लोगो. आम्ही कसली परीक्षाही दिली नव्हती.

नोकरीची हमी म्हणून जी लिंक मिळाली, तिच्यात माझ्याबरोबरची एक मुलगी आणखी खोल गेली. घरबसल्या फोटो कटिंगचं (फोटोतला माणूस किंवा वस्तू कापून वेगळी करायचं) काम, आधी डिपॉझिट. तिने रात्री जागून फाइली केल्या, तर ‘अचूकता ९० टक्क्यांपेक्षा कमी’ म्हणून पैसे नाहीत, उलट करार मोडल्याची भरपाई भरा म्हणून व्हॉट्सॲपवर कोर्टाचा शिक्का असलेली नोटीस. ती पोरगी जेवेना. तिच्या वडिलांना घेऊन आम्ही ओळखीच्या वकिलाकडे गेलो. ती नोटीस बनावट होती. असं कुणाच्या बाबतीत झालं तर एक रुपयाही देऊ नका आणि डिपॉझिट गेलं असेल तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. जितक्या लवकर लावाल तितकी पैसे पुढच्या खात्यांत जाण्याआधी गोठवले जाण्याची शक्यता जास्त.

ज्यांना शिकायचं आहे त्यांनी शिकणं सोडू नये, हे मला मनापासून वाटतं. गिंप हे फोटोशॉपसारखंच फोटो दुरुस्तीचं सॉफ्टवेअर १९९६ पासून मोफत मिळतं. लेयर, मास्क, कर्व्ह्ज, हीलिंग सगळं त्यात आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल उपक्रमात गिंपचे धडे आहेत, तेही मोफत. कमी ताकदीचा कॉम्प्युटर असेल तर फोटोपी हे तसंच सॉफ्टवेअर ब्राउझरमध्येच चालतं आणि अल्बमवाल्यांच्या पीएसडी (फोटोशॉपच्या) फाइलीही उघडतं. फोटोशॉपच हवं असेल तर ॲडोबीच्या साइटवरून चाचणीसाठी घेता येतं. मी सध्या गिंपवरच काम करते. आमच्या सीझनचे अल्बम आता घरीच होतात.

आता तक्रारीचं. “तुम्ही सही केली आहे, फी परत मिळत नाही,” हे क्लासवाल्यांचं वाक्य ऐकून गप्प बसू नका. कोचिंग संस्था ग्राहक कायद्याखाली येतात, असं राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०२० मध्ये सांगितलेलं आहे. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथे भागलं नाही तर जिल्हा आयोग. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. वकील असलाच पाहिजे असंही नाही. मुदत दोन वर्षांची. क्लास रातोरात बंद करून माणूस पळाला असेल तर पोलिसांत भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची तक्रारही द्या.

हप्ते मात्र रागाच्या भरात एकदम बंद करू नका. बँकेत जाऊन कपात थांबवता येते, पण कर्ज उभंच राहतं, दंड चढतो आणि सिबिल (कर्जफेडीची पत) बिघडतं. आधी वित्त कंपनीला लेखी कळवा की क्लास बंद पडला, सेवा मिळालेली नाही. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे.

आमच्या बॅचमधल्या बाकीच्यांना आम्ही गाठतो आहोत. आयोगापुढे पावती, जाहिरातीचे स्क्रीनशॉट, मॅडमचे व्हॉट्सॲप मेसेज, तो पेन ड्राइव्ह आणि भिंतीवरच्या फोटोंच्या प्रती दिल्या आहेत, वित्त कंपनीलाही त्यात पक्षकार केलं आहे. पुढची तारीख लागायची आहे.