रिटर्न भरायचं अ‍ॅप: आईच्या औषधांचं विचारलं, पीटीचं विसरलं

नूतनीकरणाचा मेल आलाय. आत्ताच पैसे भरले तर घसघशीत सूट, वर 'आमच्या सेवेबद्दल दोन ओळी लिहा' अशी विनंती. दोन ओळींत मावेना म्हणून इथं लिहितो.

अ‍ॅपचं नाव देत नाही. पैसे घेऊन आयकर रिटर्न भरून देणारं, फॉर्म सोळाची (कंपनी देते तो पगार आणि कापलेल्या कराचा दाखला) पीडीएफ टाकली की पुढचं सगळं आपोआप करणारं असं ते आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये घेतलं. २०२४-२५ या आर्थिक वर्षाचं माझं रिटर्न त्यातून गेलं, आईचंही गेलं, इंटिमेशन (हिशोब तपासल्याचं आयकर खात्याचं पत्र) आलं, रिफंड खात्यात पडला. वर्षाचं चक्र पूर्ण झालंय, तेव्हा बोलायला हरकत नाही.

आधी पीटी, म्हणजे पगारातून कापला जाणारा व्यवसाय कर. तेच डोक्यात बसलंय.

महाराष्ट्रात पगारदाराला पीटी म्हणजे काय ते सांगायला नको. दर महिन्याला २००, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभा करायला १९७५ साली हा कर आला, आणि राज्यघटनेच्या २७६व्या कलमातली वरची मर्यादा १९८८ पासून २,५००च असल्यामुळे आकडा हलत नाही. जुन्या करप्रणालीत (वजावटी जास्त, पण दर चढे) ही रक्कम पगारातून पूर्ण वजा होते. नव्या प्रणालीत (दर कमी, पण वजावटी मोजक्याच) होत नाही.

आता गंमत बघा. कंपनीनं माझा टीडीएस (पगारातून आधीच कापायचा आयकर) नव्या प्रणालीनं कापला, त्यामुळे फॉर्म सोळाच्या भाग बमध्ये पीटीच्या ओळीत शून्य. अ‍ॅपनं ते शून्य इमानेइतबारे उचललं. पुढे रिटर्न जुन्या प्रणालीत भरायचं ठरल्यावर (का ठरलं ते खाली येतंय) अ‍ॅपनं एचआरए (घरभाडे भत्ता) विचारला, भाडं विचारलं, भाडं वर्षाला लाखावर म्हणून घरमालकाचा पॅन विचारला, ८०सीच्या (बचतीवरची वजावट) पॉलिसीचे नंबर विचारले. पीटी? शून्य ते शून्यच. रकाना दिसतो, पण करड्या रंगात, कुलूप लावलेला.

चॅटवर गेलो. आधी यंत्र बोललं, मग माणूस आला. माणूस म्हणाला, "सर, फॉर्म सोळामध्ये नाही ते क्लेम करू नका, नोटीस येईल." अहो, फॉर्म सोळामध्ये एचआरएसुद्धा नाही! ८०सी नाही, ८०डी (आरोग्याच्या खर्चाची वजावट) नाही. ते सगळं तुमच्याच अ‍ॅपनं मला विचारून विचारून भरून घेतलं. पीटी तर पगाराच्या स्लिपवर बाराही महिने छापलेला आहे, कंपनीनं कापून सरकारात भरलेला आहे. यावर उत्तर आलं की तुमची सूचना संबंधित टीमकडे पाठवली आहे.

वाट शेवटी अशी निघाली: फॉर्म सोळावरून आलेली पगाराची अख्खी नोंद उडवायची आणि 'स्वतः भरतो' हा पर्याय घ्यायचा. मग कंपनीचं नाव, टॅन (कर कापणाऱ्याचा नंबर), पत्ता, मूळ पगार, भत्ते, टीडीएस, सगळं हातानं. तेव्हा कुठं पीटीचा रकाना पांढरा होतो आणि २,५०० लिहू देतो. आणि हो, पगाराची नोंद उडवली की एचआरएची माहितीही तिच्याबरोबर जाते, ती परत भरायची. म्हणजे आपोआप भरण्याचे पैसे द्यायचे आणि मग बसून हातानं भरायचं.

२,५०० वर वीस टक्के, त्यावर चार टक्के सेस, एकूण ५२० रुपये. बायको म्हणाली पाचशे वीससाठी रविवार घालवलास. प्रश्न ५२० चा नाही. बरं, ५२० चाही आहे. अ‍ॅपची फी जीएसटी धरून हजाराच्या वर गेली होती, तिची निम्मी रक्कम ते असं बोलता बोलता घालवणार होते. पिंपरी-चिंचवडच्या एकेका कंपनीत हजारो माणसं नव्या प्रणालीत टीडीएस कापून घेतात आणि रिटर्नच्या वेळी जुनीकडे वळतात. त्यांतल्या किती जणांना तो करडा रकाना दिसला असेल?

इथवर लिहून पाचापैकी दोन तारे द्यायचं जवळपास ठरलं होतं. पण आता दुसरी बाजू.

मी जुनीकडे वळलो तेच मुळी या अ‍ॅपमुळे. माझा पगार ११ लाख. नव्या प्रणालीत ७५,००० ची प्रमाणित वजावट जाऊन पगारावर ५५,९०० कर, बचत खात्याचं चार हजार व्याज धरलं की ५६,५२४. जुन्यात एचआरए, ८०सी, माझा स्वतःचा आरोग्य विमा आणि पीटी, सगळं लावूनही ५६,९९२. चारपाचशेचा फरक, म्हणून वर्षाच्या सुरुवातीला कंपनीला नवी सांगून मोकळा झालो होतो. अ‍ॅपमध्येही 'नवी फायद्याची' असा हिरवा पट्टा आला.

मग एक प्रश्न आला: आईवडिलांपैकी कोणी साठीच्या पुढचं आहे का? हो. त्यांचा आरोग्य विमा आहे का? नाही. मग त्यांच्या औषधोपचारावर तुम्ही खर्च केला का?

केला होता की! आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन साताऱ्यात झालं, वर वर्षभराची रक्तदाबाची औषधं, तपासण्या. विमा नसलेल्या ज्येष्ठ आईवडिलांवरचा वैद्यकीय खर्च ८०डीखाली ५०,००० पर्यंत वजा होतो. हे ऑफिसात कोणालाच माहीत नव्हतं, आमच्याकडे ८०डी म्हणजे विम्याचा हप्ता एवढंच समीकरण. अट एकच, पैसे रोखीनं दिलेले नकोत. मी यूपीआयचे व्यवहार काढून बसलो. आईनं कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याला हातात दिलेल्या नोटांची बिलं बाजूला काढली. ती सगळी मुलाला खर्च नको म्हणून रोखीनं दिलेली, काय बोलणार. उरलेल्याची बेरीज ४६,००० झाली. जुन्या प्रणालीतला कर ५६,९९२ वरून ४७,४२४ वर आला. टीडीएस कापला गेला होता ५५,९००. म्हणजे काही भरायचं तर नाहीच, उलट साडेआठ हजारांच्या आसपास परत.

ज्यानं ५२० घालवले असते त्यानंच नऊ हजारांच्या वर वाचवले, हे मान्य करायलाच हवं. तारे वाढवतो.

यावर शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यानं विचारलं, तुझ्या आईला स्वतःचं उत्पन्न आहे, मग चालतं का? चालतं. आईवडील अवलंबून असलेच पाहिजेत अशी अट ८०डीत नाही. दुसऱ्यानं विचारलं, कंपनीला नवी सांगितली होतीस, आता बदलता येते? पगारदाराला येते, धंद्याचं उत्पन्न नसेल तर रिटर्नमध्येच पर्याय निवडायचा. फक्त मुदतीच्या आत. मुदत उलटून उशिराचं रिटर्न भरलं की जुनी प्रणाली हातची जाते. दंडाचे पाच हजार सगळ्यांना पाठ असतात, ही गोष्ट मात्र कोणी सांगत नाही. २०२५ मध्ये ३१ जुलैची तारीख १५ सप्टेंबर झाली आणि शेवटी १६ सप्टेंबरला थांबली, त्यात बरेच जण निवांत राहिले.

बायकोचं रिटर्न मात्र या अ‍ॅपमधून भरलं नाही, त्याला कारण आहे. तिनं म्युच्युअल फंड विकून ४१,००० चा दीर्घकालीन नफा काढला होता. तो आकडा दिसताच अ‍ॅपनं 'तुम्हाला आयटीआर दोन लागेल' (साध्या आयटीआर एकपेक्षा मोठा रिटर्नचा फॉर्म) म्हणून वरचा, जवळपास तिप्पट फीचा प्लॅन पुढे केला. शेअर किंवा इक्विटी फंडाचा दीर्घकालीन नफा सव्वा लाखाच्या आत असेल आणि पुढे ओढायचा तोटा नसेल, तर २०२४-२५ च्या रिटर्नपासून आयटीआर एक चालतो. सव्वा लाखापर्यंत त्यावर करही नाही. सरकारी पोर्टलवर तिचं रिटर्न चहा निवायच्या आत झालं, फुकट. अ‍ॅपवाल्यांना हा बदल माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही. हां, ज्यांनी अल्पकालीन नफा काढलाय, २३ जुलै २०२४ च्या आधीचा १५ टक्क्यांनी आणि नंतरचा २० टक्क्यांनी मोजायचाय, त्यांनी वरचा प्लॅन जरूर बघावा. मेहुण्यानं ब्रोकरचं स्टेटमेंट टाकलं, तारखांप्रमाणे नीट वाटणी होऊन आली.

आईचं रिटर्न. वडिलांच्या मागे तिला कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं, शिवाय मुदत ठेवी. बँकेत १५एच (कर कापू नका असं सांगणारा फॉर्म) द्यायचा राहिला म्हणून टीडीएस कापला गेला, तो परत मिळवायला रिटर्न. अ‍ॅपनं विचारलं, पेन्शन मिळते का? 'हो' म्हटल्याबरोबर ती रक्कम पगारात टाकली आणि ७५,००० ची वजावट देऊन मोकळं. कुटुंब निवृत्तिवेतन पगारात येत नाही, 'इतर उत्पन्ना'त येतं, आणि नव्या प्रणालीत त्यावर एक तृतीयांश किंवा २५,००० यांतलं जे कमी ते वजा होतं. आईचा कर दोन्हीकडून शून्यच येत होता, म्हणून फार बोलत नाही. दुरुस्त करता आलं, इथं कुलूप नव्हतं.

सबमिट केल्यावर पडद्यावर रंगीत कागदांचा पाऊस, 'अभिनंदन, तुमचं रिटर्न भरलं!' हे पाहून आमच्यातला एक जण अ‍ॅप बंद करून गावी निघून गेला. खरं तर ई-व्हेरिफाय केल्याशिवाय रिटर्न भरल्याचं धरतच नाहीत, आणि त्याला ३० दिवस असतात. १२० दिवसांची सवलत २०२२ मध्येच गेली. आधार ओटीपीनं होणारं काम आहे, पण ते बटण अभिनंदनाच्या खाली, पुढच्या वर्षाच्या प्लॅनच्या जाहिरातीच्याही खाली. त्याला फोन करून परत लॉगिन करायला लावलं.

इंटिमेशन मेलवर आलं तेव्हा पीडीएफ उघडेना म्हणून ग्रुपवर ओरड. पासवर्ड म्हणजे पॅन इंग्रजी छोट्या अक्षरांत आणि लगेच जन्मतारीख, मधे जागा नाही. आत दोन स्तंभ असतात, आपण दिलेला हिशोब आणि बंगळुरूच्या सीपीसीनं (रिटर्न तपासणारं आयकर खात्याचं केंद्र) केलेला हिशोब. मी सरळ एकच ओळ शोधली. पीटी, दोन्हीकडे २,५००. चॅटवरच्या त्या माणसाला स्क्रीनशॉट पाठवला, तिकीट 'निकाली' दाखवून बंद केलं त्यांनी. रकाना दुरुस्त झाला की नाही, काही नाही.

रिफंड रीतसर आला. खातं पोर्टलवर आधीच प्रमाणित करून ठेवलं होतं, तेवढी काळजी घ्या, नाहीतर पैसे मंजूर होऊन लटकतात. मोतीबिंदूची बिलं, यूपीआयच्या नोंदी आणि भाडेपावत्या मी एका फोल्डरमध्ये ठेवल्यात. रिटर्नला काही जोडावं लागत नाही, पण विचारलं तर दाखवावं लागतं.

आता नूतनीकरण. २०२५-२६ या वर्षासाठी नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंत करमाफी आहे, पगारदाराला ७५,००० धरून पावणेतेरा. मला पगारवाढ धरूनही त्याच्या आतच राहायचंय, बाहेर पडायची लक्षणं नाहीत. कर शून्य. एचआरए नको, ८०सी नको, आईची बिलं नकोत, पीटी तर नकोच नको. पोर्टलवर आधीच भरून आलेला आयटीआर एक तपासायचा आणि ओटीपी टाकायचा, त्यासाठी यांना हजार रुपये कशाला? ज्यांचा पगार त्याच्या वर आहे आणि आईवडिलांचा विमा नाही, त्यांनी एकदा घ्यायला हरकत नाही. ते प्रश्न विचारतं आणि चांगले विचारतं. पगाराची नोंद मात्र पहिल्यापासून हातानंच करा.

साडेतीन तारे. पीटीचा रकाना उघडा असता तर साडेचार दिले असते. यूपीआयमधला ऑटोपे काल बंद केला. पोर्टलवर 'अधिकृत भागीदार' या मेनूत जाऊन ईआरआय (आपल्या वतीनं रिटर्न भरणारा मध्यस्थ) म्हणून जोडलेलं यांचं नावही काढून टाकलं. तुम्हीही बघून घ्या, रिटर्न झाल्यावर ते तिथं तसंच राहतं.