दोन सांध्यांचा फुल चीक स्नॅफल : मल्हारच्या तोंडात आठ महिने

आमचा मल्हार तोंडाला जड, म्हणजे लगाम ओढला तरी न जुमानणारा. ६० इंच उंचीचा कुमाईत (तपकिरी अंगाचा, काळ्या आयाळीचा) मारवाडी घोडा, वय सात. दादानं सारंगखेड्याच्या बाजारातून आणला तेव्हा विकणारा म्हणाला होता, "ताकदीचा आहे, हात घट्ट ठेवा." मिरजेहून दंडोबाच्या डोंगराकडे जाताना शहाण्यासारखा जायचा. परतीला घराकडे तोंड वळलं की सुटला. लगाम ओढला की मान आभाळाकडे, अजून ओढला की जबडा आडवा करून जीभ बाजूला. माझ्या तळहातांना फोड यायचे आणि तो थांबायचा तो आमच्या दारातच.

आधी आम्ही सगळ्यांसारखंच केलं, म्हणजे जास्त कडक लगाम शोधला. खोगिराचं सामान विकणाऱ्या एका दुकानदारानं आतून टोकं असलेला काटेरी लगाम पुढे केला. हातात घेऊन बोट फिरवलं आणि परत ठेवला. ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांसाठी १९६५ साली केलेल्या नियमांत काटेरी लगामाला सरळ बंदी आहे, तरी तो अजून विकला जातो. याची मला फार चीड येते.

मग दादानं ओळखीतून पेल्हॅम आणला. त्याला खाली दांडी असते आणि हनुवटीखाली साखळी. दांडीमुळे हातातली ओढ वाढून तोंडावर आणि हनुवटीवर पडते. दोन दिवस मल्हार थांबला. तिसऱ्या दिवशी हनुवटी छातीला टेकवली आणि तशीच मान मुडपून पळाला. आता तर हातात काहीच लागेना. पेल्हॅम वाईट असं मी म्हणत नाही. ज्याचा हात घोड्याच्या चालीबरोबर हलतो आणि खोगिरात तोल जाताना लगामाला लटकत नाही, त्यानं तो वापरावा. माझा हात तेवढा तयार नव्हता.

आप्पांचा मिरज स्टेशनवर टांगा होता. ते ओट्यावरून हे सगळं बघत होते. म्हणाले, "लोखंड बदलतीयास, पण त्याचं तोंड उघडून बघितलंस का गं एकदा तरी?"

बघितलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना बोलावलं. वरच्या डाव्या दाढेच्या पुढे एक बारका, बिनकामाचा दात निघाला. डॉक्टर त्याला वुल्फ टूथ म्हणाले. लगाम ओढला की गालाची आतली बाजू त्या दातावर दाबली जायची. दाढांच्या कडाही धारदार झाल्या होत्या. पुढचे दात आणि दाढा यांच्या मधे घोड्याला रिकामी हिरडी असते आणि लगाम तिथेच बसतो. वर पातळ कातडी, खाली लगेच हाड. मल्हारची ती हिरडी डाव्या बाजूला काळीनिळी झाली होती. मी ती बोटानं हळूच दाबली तर एवढं थोरलं ते जनावर थरथरलं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. दात काढला, दाढा घासून घेतल्या आणि पंधरा दिवस तोंडात लोखंड घातलं नाही, फक्त म्होरकीवर फिरवला.

त्या पंधरा दिवसांत माप घेतलं. एक नाडी तोंडातून लगामाच्या जागी घालून ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांशी गाठी मारल्या आणि पट्टीवर मोजली. बरोबर ५ इंच. जुना लगाम साडेचार इंची होता, म्हणजे रोज ओठ चिमटत होता. पाव इंच मोकळीक धरून मी सव्वापाच इंची, दोन सांध्यांचा फुल चीक स्नॅफल मागवला. स्नॅफल म्हणजे ओढ वाढवणारी दांडी नसलेला, हातातली ओढ थेट तोंडावर नेणारा लगाम. कानपूरचा स्टेनलेस स्टीलचा माल, ऑनलाइन चौदाशे रुपयांना पडला.

आता लगामाबद्दल. एका सांध्याचा स्नॅफल ओढला की अडकित्त्यासारखा मिटतो आणि जीभ दोन्हीकडून दाबली जाते. मी घेतलेल्यात मधे गोलसर मणी आणि दोन सांधे आहेत, त्यामुळे तो जिभेवर वळून बसतो. फोटोत अगदी असाच दिसणारा, पण मधे तिरकी चपटी पट्टी असलेला डॉक्टर ब्रिस्टल नावाचा प्रकार मिळतो. त्या पट्टीची कड जिभेत रुतू शकते. घेताना मधला भाग जवळून बघा. जाडी १४ मिलिमीटर आहे. जाड लगाम म्हणजे मऊ लगाम असं मला वाटायचं, पण मल्हारची जीभ मांसल आणि टाळू बसका. १८ मिलिमीटरचा घातला असता तर तोंड मिटलंच नसतं. दोन्ही गालांशी उभ्या दांड्या आहेत, हेच 'फुल चीक'. त्यामुळे वळवताना लगाम तोंडातून सरकून बाहेर येत नाही आणि उलट्या गालावर हलका दाब पडून घोड्याला वळण कळतं.

पहिला नग मात्र परत पाठवावा लागला. कापसाचा बोळा लोखंडावरून फिरवला तर डाव्या सांध्याशी तंतू अडकले. कापूस अडकतो तिथे जीभही सोलणार. फोटो पाठवल्यावर आठवड्यात बदलून मिळाला आणि दुसऱ्यावरून बोळा सुळकन गेला. दांड्या सरळ धरून ठेवणारे चामड्याचे फास सोबत आले नाहीत. ते मी मिरजेतल्या चांभारदादांकडून शिवून घेतले. उघड्या दांड्या दावणीत किंवा दुसऱ्या घोड्याच्या सामानात अडकू शकतात, म्हणून लगाम चढवून घोडा कधीच बांधून ठेवायचा नाही.

ओठाच्या कोपऱ्याला एखादी सुरकुती पडेल इतका वर बसवला, नाकपट्टीत दोन बोटं जातील एवढी जागा ठेवली. पहिल्याच फेरीत मल्हार तोंड हलवत राहिला, ओठांवर पांढरा फेस आला. आप्पांनी तो बोटावर घेऊन मला दाखवला. लगाम चघळतोय, म्हणजे जबडा सैल सोडलाय.

तो कोकरू झाला असं मात्र नाही. उसाचा ट्रॅक्टर अंगावर आला की अजून उसळतो. पण आता दोन्ही हातांनी ओढत बसत नाही. एका बाजूचा लगाम बाहेर उघडते, त्याला गोलात घेते, वेग उतरला की लगेच हात सैल. हरभऱ्याचा खुराक निम्मा केला, कडबा वाढवला, आणि रोज तासभर बाहेर काढते. यातलं काय किती उपयोगी पडलं हे वेगळं करता येत नाही, पण पेल्हॅम खुंटीला टांगलाय तो उतरवलेला नाही.

दात तपासून घेतलेल्या, मान वर टाकणाऱ्या किंवा वळताना खांदा बाहेर काढणाऱ्या घोड्यासाठी हा जरूर घ्या. लगामावर वजन टाकून रेलणाऱ्या घोड्याला याचा किती उपयोग होईल, मला शंका आहे. आठ महिन्यांत सांध्यांची झीज दिसत नाही. दर रविवारी धुताना बोळा फिरवून बघते, कालही फिरवला.