घरून येणारे पैसे आणि पहिलं गृहकर्ज: बँक काय धरते, काय सोडते

आई-वडिलांकडून दरमहा ठरावीक रक्कम खात्यात येते, मग गृहकर्जाच्या अर्जात ती पगाराबरोबर का धरू नये? नोकरीला लागून तीन-चार वर्षं झालेले बहुतेक अर्जदार इथेच अडखळतात. बँकांच्या गृहकर्जाकडे फक्त या एका अंगाने पाहिलं तर चित्र असं दिसतं: उत्पन्न म्हणून या पैशाला किंमत नाही, मार्जिन मनी (घराच्या किमतीतला आपण स्वतः भरायचा वाटा) म्हणून आहे, आणि खरा फायदा कर्ज सुरू झाल्यावर आहे.

पगारदाराचं उत्पन्न ठरतं ते पगारपत्रक, फॉर्म १६ (पगारातून कापलेल्या कराचा दाखला) आणि दोन वर्षांच्या आयकर रिटर्नवरून. वडील तीन वर्षं न चुकता १५ हजार पाठवत असले तरी पुढच्या महिन्यात पाठवायचं बंधन त्यांच्यावर नाही, आणि हप्ता थकला तर बँक त्यांच्याकडे मागूही शकत नाही. त्यामुळे हा नकार रास्तच म्हणावा लागेल. बसणारा फटका मात्र मोजून ठेवावा. उत्पन्नाच्या निम्मा हप्ता चालतो असं धरलं, तर १५ हजारांवर साडेसात हजारांचा हप्ता बसला असता. साडेआठ टक्के दराने २० वर्षांसाठी लाखाला ८६८ रुपये हप्ता पडतो, म्हणजे सुमारे ८.६ लाखांचं कर्ज हातचं जातं. घर शोधताना हा आकडा आधीच वजा करावा.

त्याहून वाईट म्हणजे हेच पैसे कधी कधी अंगावर येतात. बँक पगारदाराचं साधारण सहा महिन्यांचं स्टेटमेंट मागते. त्यात दर पाच तारखेला एकाच नावाने तीच रक्कम जमा, आणि यूपीआयच्या नोंदीत गमतीने लिहिलेलं ‘उसने’ दिसलं, की अधिकारी विचारणारच. पैसे परत करायचे असतील तर तो बोजा झाला आणि हप्त्याची ऐपत घटली. फाइल लॉगिन करण्याच्या, म्हणजे बँकेत अर्ज दाखल करण्याच्या, किमान सहा महिने आधीपासून नोंद सरळ लिहावी: ‘वडिलांकडून भेट’.

उत्पन्नच वाढवायचं असेल तर वडिलांना किंवा आईला सहअर्जदार करणं हा खरा मार्ग. मग त्यांचा पगार किंवा पेन्शन मोजली जाते. पण कर्जाची पूर्ण जबाबदारी त्यांच्यावरही येते, सिबिलला (कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेकडे) हे कर्ज त्यांच्याही नावावर दिसतं, आणि वयाच्या अटीमुळे मुदत आखडते. ५८ वर्षांच्या सहअर्जदाराचं उत्पन्न धरून २० वर्षं मिळतील अशी आशा ठेवू नये. मुदत घटली की हप्ता फुगतो, आणि वाढवलेल्या उत्पन्नाचा बराचसा लाभ तिथेच संपतो. मंजुरीपत्र घेण्याआधी सहअर्जदारासह आणि त्याच्याशिवाय, असे दोन्ही हिशेब लेखी मागावेत.

मार्जिन मनीच्या बाबतीत बँका समजूतदार आहेत. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांना ८० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के इतकीच मर्यादा आहे. घर १० लाखांहून महाग असेल तर मुद्रांक शुल्क आणि नोंदणीही त्या किमतीत धरत नाहीत. पहिल्यांदा घर घेणारे नेमके इथेच चुकतात. घर ६० लाखांचं असेल तर कर्ज जास्तीत जास्त ४८ लाख, स्वतःचे १२ लाख. शिवाय मुद्रांक शुल्क मुंबईत ६ टक्क्यांनी ३.६ लाख आणि नोंदणीचे ३० हजार. म्हणजे जवळपास १६ लाख आधी उभे करायचे, कारण स्वतःचा वाटा भरल्याची पावती दाखवल्याशिवाय बँकेचा चेक सहसा निघत नाही.

या १६ लाखांत घरचे पैसे खुशाल वापरावेत, फक्त माग स्वच्छ हवा. दरमहा आलेली रक्कम खर्चाच्या खात्यात विरघळू न देता स्वतःच्या नावावरच्या आवर्ती ठेवीत टाकली, तर ती सरळ बचत म्हणून दिसते. मोठी रक्कम एकदम येत असेल तर भेटपत्र करावं. त्यात दोघांची नावं, नातं, पॅन, रक्कम, तारीख, व्यवहार क्रमांक आणि ‘परतफेडीची अट नाही’ हे वाक्य असावं. सोबत देणाऱ्याचं स्टेटमेंट. वडील शेतकरी असतील तर सातबारा आणि कारखान्याचं ऊसबिल किंवा अडत्याची पट्टी जोडावी, नाहीतर त्यांच्या खात्यात आदल्या आठवड्यात भरलेली रोकड सगळ्यांच्या डोळ्यांत येते. एकाच व्यक्तीकडून एका दिवसात दोन लाख किंवा अधिक रोख घेणं कायद्यानेच मना आहे, आणि दंड तेवढ्याच रकमेचा. बापलेकातही सूट नाही.

कराचं म्हणाल तर आई-वडील, आजी-आजोबा, सख्खी भावंडं, काका, मामा, आत्या, मावशी यांची भेट कितीही असली तरी करमुक्त. चुलत किंवा मावस भाऊ मात्र या यादीत नाही. अशांकडून आणि मित्रांकडून वर्षात मिळून ५० हजारांच्या वर आले तर सगळी रक्कम करपात्र होते, फक्त वरची नव्हे.

राहिला कर्ज सुरू झाल्यानंतरचा भाग, आणि या कर्जाला पैकीच्या पैकी गुण इथेच द्यावेत. घरासाठी वैयक्तिक नावाने घेतलेल्या बदलत्या दराच्या कर्जावर मुदतपूर्व परतफेडीचा दंड लावता येत नाही. ४८ लाखांचा साडेआठ टक्क्यांनी हप्ता सुमारे ४१,६५० रुपये. त्यात घरून येणारे १५ हजार दरमहा भरत गेलं तर २० वर्षांचं कर्ज ११ वर्षांच्या आत फिटतं. ज्या पैशाला अर्जात कुणी विचारलं नाही, तोच नऊ वर्षं वाचवतो. ही रक्कम भरताना ‘हप्ता तोच, मुदत कमी’ हा पर्याय निवडलाय ना, ते पाहावं आणि वर्षातून एकदा परतफेडीचा नवा तक्ता मागून मुदत खरंच घटली का हे तपासावं. काही ठिकाणी जास्तीची रक्कम मुद्दलातून वळती न होता पुढच्या हप्त्यापोटी नुसती पडून राहते.