कॅक्टस जंगलात राखायचा की बागेत?
आमच्या अथणीकडं बांधावरचा फड्या निवडुंग बघून वाटतंय याला उन्हाचं काय भ्या, पण हा पाहुणा मूळचा अमेरिका खंडातला आणि तिकडं त्याचे भाऊबंद अडचणीत आहेत, 2015 च्या जागतिक पाहणीत 31 टक्के जाती धोक्यात निघाल्या. (बांधावरचा त्रिधारी निवडुंग मात्र कॅक्टस नव्हेच, तो शेराच्या कुळातला.)

कॅक्टस पाणी वाचवायला रात्रीच रंध्रं (खोडावरची बारीक छिद्रं) उघडून कार्बन डायऑक्साइड घेतोय, त्यामुळं हवामान बदलून रात्रीची हवा तापली की पाणी जास्त उडतं आणि सगळं गणित बिघडतं.

आता बाग किंवा बियाणं बँक घ्या, स्वस्त आणि सेफ, सुकवलेलं बी थंडीत टिकतंय. पण मेक्सिकोच्या तेवाकान खोऱ्यातल्या खांबासारख्या कॅक्टसची फुलं वटवाघळं फळवतात, रोपं दुसऱ्या झुडपाच्या सावलीत उभी राहतात, हे कुंडीत कुठनं आणायचं? म्हणून मला जंगलच बरं वाटतं बघा, फक्त कोरड्या जंगलाची शेती आणि चराई झाली की हवामान बदलल्यावर झाडाच्या जातीला मानवेल अशा नव्या जागेकडं सरकायला वाटच उरत नाही, तिथं बियाणं बँकच कामाला येते.