आरएफ १००-४०० : सोलापूरच्या माळावर दहा महिने

एप्रिलमधला रविवार. नान्नजच्या माळावर सकाळचे दहा वाजून गेले होते, ऊन लख्ख, आभाळात ढगाचा ठिपका नाही. दीडेकशे मीटरवर काळविटांचा कळप आणि त्याच्या पुढे एक काळाकुळकुळीत नर, मान ताठ करून उभा. साठेक फोटो काढले. घरी येऊन लॅपटॉपवर उघडले तर एकही धड नाही. शिंगांचे पीळ वितळल्यासारखे, पाय गवतात विरघळलेले, डोळ्याच्या जागी नुसता डाग. कॅननची ही आरएफ १००-४०० लेन्स घेऊन तेव्हा सहा महिने झाले होते. स्वस्तातली घेतली, फसलो, असं त्या दुपारी पहिल्यांदाच वाटलं.

आता दहा महिने झालेत, आणि त्या साठ फोटोंचा दोष कुठे होता ते मला नीट कळलंय. सोलापूर, धाराशिव, लातूर, विजापूर अशा उन्हाच्या मुलखात कुणी टेलिफोटो झूम, म्हणजे लांबचं जवळ ओढणारी लेन्स, घ्यायच्या विचारात असेल तर ते आधी वाचावं म्हणून हे लिहितोय.

माझा कॅमेरा कॅनन आर१०, त्यासोबत आलेली १८-१५० लेन्स (हे आकडे फोकल लेंथचे, मिमीमध्ये; आकडा मोठा तितकं लांबचं जवळ येतं). घरगुती कार्यक्रमांना ती पुरून उरते. पण हिवाळ्यात हिप्परग्याच्या तलावावर पट्टकादंब हंस उतरलेले असताना १५० मिमीवर काढलेले फोटो पाहिले की पाण्यावर कुणी तीळ सांडलेत असं वाटायचं. मोठी लेन्स हवी होती आणि आकडा ठरलेला होता, साठ हजारांच्या आसपास. कॅननची १००-५०० दोन लाखांच्या वर जाते, तो विषय तिथेच संपला.

राहिले ते पर्याय असे. आरएफ-एस ५५-२१०, वजन फक्त २७० ग्रॅम, पण १५० वरून २१० वर जाण्यासाठी पैसे मोजायला मन घेईना. जुनी ईएफ-एस ५५-२५० अ‍ॅडॉप्टर लावून वापरता येते, सेकंडहँड स्वस्त मिळते, आणि खरं सांगायचं तर वीस हजारांच्या आत काम भागवायचं असेल त्याला मी आजही तीच सांगेन. ६०० मिमी एफ/११ मोहात पाडत होती (एफचा आकडा मोठा तितका लेन्समधून उजेड कमी). पण ती झूम नाही, आणि साडेचार मीटरच्या आतलं काही तिला फोकसच होत नाही. माळावर हरिण कधी दोनशे मीटरवर असतं तर कधी गाडीसमोरून रस्ता ओलांडतं, तिथे एकाच फोकल लेंथला बांधून घेणं मला पटलं नाही. लग्नाची कामं करणाऱ्या मित्राने त्याची सिग्मा १५०-६०० एक रविवार दिली होती. फोटो सुरेख आले, वाद नाही. पण जवळजवळ दोन किलोचं ते धूड हातात धरून दुसऱ्या तासाला खांदा भरून आला.

शेवटी आरएफ १००-४०० एफ/५.६-८ घेतली. वजन ६३५ ग्रॅम. आर१०चा सेन्सर, म्हणजे फोटो टिपणारी चिप, एपीएस-सी या लहान आकाराचा, त्यामुळे तिची चौकट फुलफ्रेम या मोठ्या सेन्सरवरच्या १६०-६४० एवढी भरते. कॅमेरा आणि लेन्स मिळून किलोभर होतं, त्यामुळे पूर्ण सकाळ गळ्यात राहते आणि ट्रायपॉड घरी राहतो.

घेण्याआधी सगळ्यांनी एकाच गोष्टीवरून भीती घातली होती: ४०० मिमीला एफ/८. अंधारी लेन्स आहे, पक्षी कसे काढशील, वगैरे. एफ/५.६च्या तुलनेत एफ/८ला निम्मा उजेड आत येतो हे खरंच आहे. पण आपल्याकडच्या उजेडाचा हिशोब करून बघा. भर उन्हात एफ/१६ ठेवलं तर शटर (उजेड आत येण्याचा वेळ) साधारण आयएसओच्या, म्हणजे सेन्सर उजेडाला किती दाद देतो त्याच्या, आकड्याइतकं लागतं, म्हणजे आयएसओ ४०० असेल तर एका सेकंदाचा ४००वा भाग. एफ/८ म्हणजे त्यापेक्षा दोन स्टॉप, म्हणजे दोनदा दुप्पट, जास्त उजेड, म्हणून शटर थेट १६००व्या भागावर. आयएसओ ४०० आणि शटर १/१६००, एवढ्यात उडती कापशी किंवा सूर मारणारा वेडा राघू थांबवता येतो. ऑक्टोबर ते मे, सूर्य वर आल्यावर, उजेड कमी पडला म्हणून फोटो गेला असं माझं दहा महिन्यांत क्वचितच झालं. ढगाळ युरोपात बसून लिहिलेली परीक्षणं वाचून मी उगाच महिनाभर थांबलो.

तर मग काळविटांचं काय झालं?

पुढच्या रविवारी ते फोटो मी आमच्या पक्षिनिरीक्षणाच्या गटातल्या काकांना दाखवले. रेल्वेतून निवृत्त झालेत, चाळीस वर्षं हा माळ तुडवतायत. मोबाइलवर दोन फोटो बघितले, तिसरा बघायच्या आधीच म्हणाले, “किती वाजता काढलास?”

“दहा, सव्वादहा.”

“मग? हवा उकळायली की तिथं. काच काय करंल बिचारी?”

मला ते लगेच पटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला गच्चीवर गेलो, समोर तीनेकशे मीटरवर पाण्याची टाकी आहे, मध्ये सगळी पत्र्याची घरं. कठड्यावर कॅमेरा टेकवून ४०० मिमीवर टाकीच्या शिडीचे फोटो काढले. पायऱ्या मोजता येत होत्या, गंजाचे ओघळसुद्धा वेगळे दिसत होते. दुपारी एकला तीच लेन्स, तीच जागा, तेच एफ/८, शटर उलट आणखी जलद. शिडी नागमोडी! लागोपाठ दहा फोटो काढले, तर दहांत शिडीचे दहा आकार.

कारण साधं आहे. जमीन तापली की तिला लागलेली हवा तापते, हलकी होऊन वर चढते, वरची गार हवा तिच्या जागी येते. गरम आणि गार हवेतून जाताना प्रकाश कमीअधिक वाकतो, आणि ही सरमिसळ सतत हलत असते. माळावर मृगजळ दिसतं तेही तापलेल्या हवेतून प्रकाश असा वाकल्यामुळेच. विषय जितका लांब आणि जमिनीलगत, तितकी अशी हवा मध्ये जास्त. ट्रायपॉडने, हाताची थरथर सावरणाऱ्या स्टॅबिलायझरने, महागड्या काचेने यातलं काही थांबत नाही. दोन लाखांची लेन्ससुद्धा त्या सकाळी त्या नराची वितळलेली शिंगंच टिपणार होती, फक्त जास्त बारकाईने.

हे कळल्यावर माझी वेळापत्रकं बदलली. उन्हाळ्यात सोलापुरातून साडेपाचला निघायचं, बार्शी रोडने वीस-बावीस किलोमीटर, उजाडताना माळावर. पहिला अर्धा तास उजेड कमी असतो, तिथे एफ/८ खरंच जाणवतं: आयएसओ ३२०० ते ६४००, फोटोत दाणे येतात, नॉइज कमी करणाऱ्या सॉफ्टवेअरची मदत घ्यावी लागते. त्यानंतर साडेआठपर्यंतचा वेळ सोन्याचा. नऊनंतर मी लांबचं काही काढतच नाही. जवळ जे असेल ते, पंचवीस-तीस मीटरच्या आतलं. चंडोल, माळटिटवी, कुंपणाच्या तारेवरचा खाटीक. हिवाळ्यात ही वेळ अकरापर्यंत लांबते, आणि भोवत्या ससाणे जमिनीलगत तरंगत जातात ते याच दिवसांत.

गाडीतून फोटो काढणाऱ्यांसाठी एक गोष्ट, जी मला पाच-सहा सकाळी वाया घालवून समजली. एसी चालू ठेवून खिडकी उघडली आणि लेन्स बाहेर काढली, तर आतली गार आणि बाहेरची गरम हवा अगदी लेन्सच्या तोंडाशीच मिसळते. मग वीस मीटरवरचा पक्षीही मऊ येतो. एसी बंद, इंजिन बंद, दोन्हीकडच्या काचा खाली, आणि दहा मिनिटं शांत बसायचं. पक्षीही तोवर गाडीला सरावतात. अभयारण्यात आखलेला रस्ता सोडून गाडी किंवा पाय गवतात घालू नका. माळढोकासाठी १९७९ साली राखलेली ही जागा आहे, आणि तो पक्षी आता तिथे क्वचितच दिसतो. माझ्याकडे त्याचा फोटो नाही. जमिनीवर अंडी घालणारे बाकीचे पक्षी मात्र अजून याच गवताच्या भरवशावर आहेत.

स्टॅबिलायझरबद्दल. कंपनी ५.५ स्टॉप म्हणते. आर१०च्या बॉडीत स्वतःचं स्टॅबिलायझेशन नाही, म्हणून सगळी भिस्त लेन्सवरच. बसलेल्या पक्ष्याचा ४०० मिमीवर १/६०ने हातात धरून काढलेला फोटो खणखणीत येतो, हे मी अनेकदा करून पाहिलंय. पण हात स्थिर झाला म्हणून पक्षी स्थिर होत नाही. मान हलली की १/६० गेलं. नव्याने घेणारे इथे हमखास गोंधळतात आणि फोकसला दोष देतात. फोकस तसा चपळ आणि आवाजाशिवाय चालतो. पक्ष्याचा डोळा कॅमेरा स्वतः शोधतो, गवताच्या काड्या मध्ये आल्या तर मात्र काड्यांवर अडकतो, तेव्हा एकच बिंदू निवडून काम करावं लागतं.

अपेक्षा नसताना मिळालेलं सुख म्हणजे जवळचे फोटो. ही लेन्स जेमतेम मीटरभरावरून फोकस करते आणि ०.४१ पट मोठं चित्र देते. रुईच्या झुडपावरचं बिबळ्या कडवा फुलपाखरू चौकट भरून येतं, आणि मी इतका लांब असतो की ते उडत नाही. दुपारी माळावरचं लांबचं जग धूसर झालं की मी रुईकडे वळतो. मीटरभर हवेत झळ कितीशी असणार!

आता जिथे ती कमी पडली ते. जानेवारीत गड्ड्याला, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेला, घेऊन गेलो होतो. संमती कट्ट्यावरच्या अक्षता सोहळ्याला दिवसाउजेडी, लांबच्या इमारतीवरून, ती अप्रतिम चालली. पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी, एकामागोमाग एक सातही नंदीध्वज, ‘बोला हर्र’चा गजर होताना वर गेलेले हजारो हात, हे सगळं लांब लेन्सने एकमेकांजवळ ओढून आणलं. पण होमाच्या रात्री रोषणाई केलेले नंदीध्वज होम मैदानाकडे निघाले तेव्हा १०० मिमीला एफ/५.६ उघडूनही आयएसओ १२८०० आणि शटर १/१२५. चालत्या माणसाचे चेहरे पुसट. शिवाय गर्दीत उभं राहिल्यावर या कॅमेऱ्यावर १०० मिमीसुद्धा फार अरुंद पडतं. मित्राकडून ५० मिमी एफ/१.८ घेतली, तिच्यातून जवळजवळ दहापट उजेड येतो, आणि उरलेली रात्र तिच्यावरच काढली. लग्नाचे हॉल, शाळेचं गॅदरिंग, रात्रीची मिरवणूक, यांसाठी लेन्स शोधत असाल तर ही घेऊ नका.

धूळ आणि पाऊस अडवणारं सीलिंग हिला नाही. झूम केलं की नळी बाहेर येते, आणि आपली काळ्या मातीची धूळ पिठासारखी बारीक. मी माळावर लेन्स कधीच बदलत नाही, झूम आत घेण्याआधी नळीवरून ब्लोअर मारतो, आणि न वापरताना सुती पिशवीत ठेवतो. आत अजून धूळ दिसलेली नाही. हुड, म्हणजे लेन्सच्या तोंडावर ऊन अडवायला लावायची कडी, पेटीत येत नाही, ईटी-७४बी वेगळा घ्यावा लागतो. तो पहिल्याच दिवशी घ्या, कारण सकाळचं तिरपं ऊन सरळ काचेवर येतं.

कॅमेरा दुसऱ्या कंपनीचा असेल तर माझे शब्द तसेच्या तसे लागू करू नका. सोनीच्या एपीएस-सी बॉडीसाठी ७०-३५० आहे, वजन साधारण एवढंच, ३५० मिमीला एफ/६.३ आणि आत स्टॅबिलायझर. टॅमरॉनची ७०-३०० तिच्याहून स्वस्त पडते, पण तिच्यात स्टॅबिलायझर नाही. बॉडीतही नसेल तर हाताने ३०० मिमी सांभाळणं कठीण जाईल. निकॉनच्या झेड डीएक्स (लहान सेन्सरच्या) कॅमेरेवाल्यांना ५०-२५० हलकी आणि सोयीची आहे, पक्ष्यांसाठी थोडी आखूड. झळ मात्र सगळ्यांना सारखीच.

जूनमध्ये पाऊस सुरू झाल्यावर मला वाटलं होतं, एफ/८ आता कपाटात जाणार. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात तरीही गेलो. आभाळ भरलेलं, रात्री सर पडून गेलेली, माळ हिरवा आणि गार. आयएसओ १६०० ठेवावा लागला. एप्रिलमध्ये उभा होतो जवळपास तिथेच गाडी थांबवली, वेळही दहाचीच, आणि तेवढ्याच अंतरावर काळविटं चरत होती. घरी येऊन फोटो शंभर टक्के मोठा करून पाहिला. शिंगाचा पीळ न् पीळ सुटा, डोळ्याभोवतीचं पांढरं कडं स्पष्ट, पाठीवर बसलेला कोतवाल पक्षीसुद्धा ओळखू येत होता. एप्रिलमध्ये आयएसओ होता २००. दोन्ही फोटो शेजारी ठेवून काकांना पाठवले. त्यांचं उत्तर आलं, “धाविक पिल्लं घेऊन फिरायलीत कडेकडेनं. रविवारी ये, पण गाडीतनं उतरायचं नाही.”

गेलो, उतरलो नाही. रस्त्याच्या कडेला तीसेक मीटरवर धाविक, माळावर पळत फिरणारा पक्षी, मागे ठिपक्याठिपक्यांची दोन पिल्लं, थांबत, पळत, पुन्हा थांबत. ४०० मिमी, एफ/८, १/१०००, आयएसओ २०००. तीन मिनिटांत ती गवतात दिसेनाशी झाली, आणि काकांनी माझ्या हातातला कॅमेरा घेऊन पहिल्यांदाच सगळे फोटो शेवटपर्यंत पाहिले.